विरजणाशिवाय लागलेलं दही

सिंगापूरच्या चोआ चू कांग भागातल्या एका कॉन्डोच्या फंक्शन रूमबाहेर चपला ठेवायला जागा उरली नव्हती. नाथबाबांनी पातेलं उपडं धरलं. दही जागचं हललं नाही. पन्नास-साठ हात एकदम जोडले गेले.

सकाळी याच लोकांदेखत कोमट दुधात बाबांनी चिमूटभर पांढरी विभूती टाकली होती. विरजणाचा थेंब नाही, आणि आरतीला कवडी दही तयार. पुण्याहून येताना डबीतून विरजण जपून आणणाऱ्या बायकांना याहून मोठा चमत्कार कोणता वाटणार?

"मेलेलं दूध जिवंत झालं," बाबा म्हणाले, "मग आजारी आतडं का नाही होणार? मात्र औषधाची आग विभूतीला जाळते. गोळ्या बंद करा."

मागे उभ्या मैत्रेयीच्या मुठी वळल्या. ती ज्यांच्या फ्लॅटमध्ये भाड्याने खोली घेऊन राहत होती, त्या स्मिताताईंनी चार दिवसांपूर्वीच लेकीच्या गोळ्या बंद केल्या होत्या. नऊ वर्षांच्या निहारिकाचं आतड्याचं दुखणं त्या गोळ्यांनीच काबूत होतं. आज सकाळी शौचातून रक्त पडलं. बाबांनी त्यालाही नाव दिलं: विष बाहेर पडतंय.

प्रसाद म्हणून त्याच विभूतीची पुडी मैत्रेयीच्या हातात आली आणि ती थबकली. व्हॅनिला आणि दुधाची भुकटी. हा वास ती रोज घेत होती. युनिव्हर्सिटीत तिचं संशोधन गाभण डुकरिणी आणि त्यांच्या पिल्लांना द्यायच्या खाद्याच्या भुकटीवर होतं. आतड्याला उपयोगी पडतील असे जिवंत जिवाणू त्यात मिसळलेले असतात, आणि पिल्लांनी तोंड लावावं म्हणून व्हॅनिलाचा वास.

ती मागच्या पँट्रीत शिरली. बाबांचा शिष्य सारंग चमच्याने पुड्या भरत होता. शेजारी गोणी, तिच्यावर पिल्लांना पाजणाऱ्या डुकरिणीचं चित्र. मैत्रेयीने फोटो काढला.

"फोटो काय, हल्ली कुणीही बनवतं," घरी स्मिताताई म्हणाल्या. हॉस्पिटलचं नाव काढलं तेव्हा तर त्या फणकारल्या, "डुकरांचं शिकणारीनं मला देवाचं शिकवू नये."

मग रविवारी सकाळी, तुमच्या डोळ्यांनीच पाहा म्हणत, मैत्रेयीने त्यांच्याच ओट्यावर दोन पातेली मांडली. दोन्हींत तापवून कोमट केलेलं दूध. एकात स्मिताताईंनी विभूती घातली आणि मैत्रेयीने ते विभूतीसकट खळखळ उकळलं. दुसऱ्यात लॅबमधलं डुकरिणीचं खाद्य, न उकळता. झाकण ठेवून दोघीही तिथून हलल्या नाहीत.

संध्याकाळी फंक्शन रूममध्ये दोन्ही पातेली बाबांसमोर आली. विभूतीचं दूध पाण्यासारखं सांडलं. दुसरं उपडं केलं. दही जागचं हललं नाही.

"संशयाने बिघडलं," बाबा म्हणाले. "श्रद्धा लागते."

"मग या डुकरिणीच्या खाद्याची श्रद्धा दांडगी दिसते," मैत्रेयी म्हणाली. "बाबा, तुमच्या पुडीत विरजणच आहे. दुधाला आंबवणारे जिवाणू. उकळले की मरतात. तुमचा देव एका उकळीत मरतो का?"

बाबांची नजर सारंगला शोधू लागली. तो पँट्रीच्या दारातून केव्हाच पसार झाला होता.

तेवढ्यात निहारिकाने आईची ओढणी धरली आणि तिच्या सिंगापुरी ढंगात म्हणाली, "मम्मा, आय टोल्ड यू लाह. टॉयलेटमध्ये परत रेड आहे."

स्मिताताईंनी बाबांकडे पाहिलंही नाही. लेकीला उचललं. "मैत्रेयी, टॅक्सी बोलाव. आणि गोळ्यांची डबी घरी फ्रीजवर आहे, तीही घे."

दार बंद झालं. खोलीत उरलेली बहुतेक माणसं इंजिनीयर होती. तपासल्याशिवाय साधं ॲपही बाहेर न सोडणारी. पुडीत काय आहे, हे त्यांतल्या एकानेही विचारलं नव्हतं. श्रद्धा ज्याची त्याची. पण लेकराच्या तोंडात जाणाऱ्या चिमटीबद्दल प्रश्न विचारायलाच हवा. या भुकटीने पिल्लांची हगवण खरंच थांबते का, हे मैत्रेयी आणि तिचे सहकारी दोन वर्षं मोजत होते आणि अजून ठामपणे सांगायला धजत नव्हते. डुकराच्या पिल्लांसाठी दोन वर्षं. निहारिकासाठी त्या खोलीतल्या कोणी दोन मिनिटंही दिली नाहीत.