वीस मिनिटांची बढती

तिकीट तपासनीस म्हणून बस कंपनीत चिकटलेला हा माणूस कचेरीत कारकुनी करत, फायलींवर शेरे मारत, बावीस वर्षांत डेपोचा व्यवस्थापक झाला. त्यात कर्तबगारीपेक्षा चिकाटीचाच भाग मोठा होता. त्याच्या डेपोच्या बसेस शेवटच्या थांब्यावरून परत फिरायला हमखास वीस मिनिटं उशीर करत. ड्रायव्हरांना दटावून झालं, गोंजारून झालं. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी त्याने वेळापत्रकच वीस मिनिटं पुढे ढकललं. एका रात्रीत सगळ्या बसेस वेळेवर आल्या आणि साहेब मुख्य कचेरीत महाव्यवस्थापक झाले.

पण हाताशी वीस मिनिटं जास्त आल्यावर ड्रायव्हर चहा घेऊ लागले, चहावर गप्पा आल्या, आणि दोन महिन्यांत उशीर पुन्हा वीस मिनिटांवर गेला.

"मागे जादू केलीत तशी परत करा," अध्यक्ष म्हणाले.

दर वेळी अशीच जादू केली असती तर शेवटची बस दुसऱ्या दिवशी सकाळी सुटली असती. साहेबांचं जेवणावरून मन उडालं. रविवारी सासरी पानावर बसूनही ते भात नुसता चिवडत होते. सासरे याच कंपनीत तीस वर्षं ड्रायव्हर होते. त्यांनी विचारलं, "जावईबापू, त्या शेवटच्या थांब्यावर संडास आहे का?"

"बाबा, जेवताना काय हे," बायको म्हणाली.

"नाहीये," सासऱ्यांनीच उत्तर दिलं. "बाजारापर्यंत चालत जावं लागतं. दहा मिनिटं जायला, दहा यायला."

"मग मामा, कधी बोलला नाहीत ते?"

"सात अर्ज केले. 'थांबा म्हणजे घर नव्हे' असा शेरा मारून सातही परत आले."

सासरे पुन्हा जेवायला लागले. शेरा कोणाचा, हे त्यांनी सांगितलं नाही. ते वाक्य आपल्याला फार छान सुचलं होतं, असं त्या काळी साहेबांना वाटलं होतं.

दीड महिन्यात संडास उभा राहिला. जुनं वेळापत्रक परत आलं आणि बसेस त्याबरहुकूम धावू लागल्या. संचालकांनी गुपित विचारलं तेव्हा साहेबांनी एका शब्दात सांगितलं. इतिवृत्तात मात्र 'पायाभूत सुविधांचे धोरणात्मक नूतनीकरण' असं आलं आणि साहेब कार्यकारी संचालक झाले.

राहून गेलेलं उद्घाटन साहेबांच्या हट्टाने सासऱ्यांच्या हस्ते झालं.

"म्हणजे नेमकं करायचं काय?" सासऱ्यांनी गंभीरपणे विचारलं.

"फीत कापायची, मामा. बस."

सासऱ्यांनी फीत कापली, आत गेले आणि कडी लावून घेतली. बाहेर अध्यक्ष, संचालक, चाळीस ड्रायव्हर ताटकळत उभे. पाच मिनिटांनी सासरे हात पुसत बाहेर आले.

"पाणी येतंय," ते म्हणाले.

टाळ्या ड्रायव्हरांनी आधी वाजवल्या.