ताईला सांगायचं राहिलं

डॉक्टरांना विचारा, पन्नाशीपुढच्या माणसाला आतड्याच्या कॅन्सरची तपासणी तुम्ही कशावरून सांगता, तर ते म्हणणार, नियमावरून. कसला नियम आणि कसलं काय. त्यांच्याच गल्लीतला एक ड्रायव्हर या रोगानं गेला, त्याचा डॉक्टरांनी असा धसका घेतला की सर्दीला आलेल्याच्याही हातात ते शौचाच्या नमुन्याची डबी कोंबायला लागले. मग एका शिंप्याला त्यांनी दुर्बिणीच्या तपासणीला पाठवलं. निघालं काहीच नाही, वर रक्तस्राव होऊन बिचाऱ्याला ॲडमिट व्हावं लागलं. शिंप्याची बायको भरल्या दवाखान्यात येऊन डॉक्टरांना नाही नाही ते बोलून गेली. झालं, डब्यांचं खोकं कपाटावर चढलं. त्यानंतर माणूस समजूतदार दिसला, बाहेर गर्दी नसली आणि समोरचा नाक मुरडणार नाही असं वाटलं, तरच डॉक्टर विषय काढत. नाहीतर रक्तदाब बघायचा आणि पुढच्याला बोलवायचं. माणूस वाईट नव्हता हो, पण माणूसच होता.

त्यांची थोरली बहीण सारखी दवाखान्यात असायची. कधी सासूचे गुडघे घेऊन, कधी नवऱ्याची साखर घेऊन. भावोजींना डबी मिळाली होती, आणि त्यांच्या मागे लागून ताईनंच ती वेळेवर परत आणून दिली होती. ती स्वतः मात्र पेशंटच्या खुर्चीत कधी बसली नाही. भिंतीलगत, पिशवी मांडीवर घेऊन बसायची आणि कुठली गोळी जेवणाआधी, कुठली नंतर, ते ऐकून घ्यायची. ताईलाही पोट आहे, वय आहे, हे डॉक्टरांच्या डोक्यातच आलं नाही. म्हणजे एकदा आलं होतं. पण जिनं लहानपणी आपलं ढुंगण धुतलं, तिला शौचाचं विचारायला या बाबाची जीभ रेटेना. विचारू पुढच्या खेपेला, म्हणून त्यांनी भावोजींची चिठ्ठी लिहायला घेतली.

एके दिवशी भावोजींना तपासता तपासता डॉक्टरांचं लक्ष तिच्याकडे गेलं. ती भिंतीला डोकं टेकून डोळे मिटून बसली होती. त्यांनी उठून तिची पापणी खाली ओढली. आतून पांढरीफटक.

"ताई, रक्त जातंय का कुठून?"

"जातं अधूनमधून. मूळव्याध असेल."

"कधीपासून?"

"सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं ना, तेव्हापासून."

सासूबाई त्या ऑपरेशननंतर काठी टाकून चालायला लागल्या होत्या, इतके दिवस झाले होते. डॉक्टरांनी भावोजींचा कागद बाजूला सारला आणि ताईच्या तपासण्या लिहायला घेतल्या.

पुढचं सगळं भराभर झालं. आतड्यात गाठ निघाली, आणि ती तिथेच थांबलेली नव्हती, यकृतापर्यंत गेली होती. रिपोर्ट घेऊन डॉक्टर स्वतः ताईच्या घरी गेले. भावोजी बाहेरच्या खोलीत होते, ती स्वयंपाकघरात भांडी पुसत होती. त्यांनी काही न लपवता सांगितलं. तिनं हातातलं भांडं पुसून संपवलं, फडक्याची घडी केली आणि स्टुलावर बसली.

"इतके दिवस मला सांगितलंस का नाही?" डॉक्टरांचा आवाज चढला. राग तिच्यावर नव्हता, पण निघाला तिच्यावरच.

"अरे, तू यांना डबी दिलीस. माझ्या शेजारणीला दिलीस, त्या दूधवाल्याला दिलीस. सगळं माझ्यासमोरच. मला दिली नाहीस, तेव्हा मी म्हटलं, आपला भाऊ डॉक्टर आहे. मला गरज असती तर सगळ्यांच्या आधी मलाच नसती का दिली?"

डॉक्टरांना रडू आलं आणि ते तिच्यासमोर उभ्या उभ्या रडले.

ताईनं थोडा वेळ रडू दिलं. मग म्हणाली, "पुरे आता. यांना काय सांगायचं ते ठरव. त्यांना वाटतंय, तू चहाला आलायस."