पाच बोधचिन्हांचं स्टिकर

मीटिंग कधीच वेळेवर सुरू होत नाही, तरी मी वेळेवर जाते. खोडच आहे म्हणा ना. त्या दिवशीही औषधांचं दुकान नवऱ्याच्या गळ्यात टाकून मी फार्मसी कॉलेजच्या त्या खोलीत जाऊन बसले. पंखा कुरकुरत होता, खुर्च्या परीक्षेच्या हॉलमधून उचलून आणलेल्या, आणि समोर नेहमीची मऊ पडलेली बिस्किटं.

संयुक्त समिती म्हणतात आमच्या या प्रकाराला. आम्ही दुकानदार फार्मासिस्ट, हॉस्पिटलातले फार्मासिस्ट, कारखान्यांतले फार्मासिस्ट, आणि शहरातली दोन फार्मसी कॉलेजं. पाच जणांची तोंडं पाच दिशांना. त्यांना एका टेबलाशी आणलं ते आमच्या सरांनी. सर म्हणजे याच कॉलेजचे निवृत्त प्राचार्य. आमच्यातल्या निम्म्यांचे कान त्यांनीच पिळलेत, म्हणून तर कोणी उठून जात नव्हतं.

काम एवढंसं होतं. संधिवाताची एक गोळी असते, आठवड्यातून एकदाच घ्यायची. रोज घेतली तर रक्त बिघडतं, तोंड आतून सोलवटतं, माणूस हातचा जातो. तरी कोणीतरी रोज घेतंच. म्हणून डबीवर लावायला एक स्टिकर करायचं, ‘आठवड्यातून एकदाच’, आणि खाली वार लिहायला मोकळी जागा. सगळ्या दुकानांत, सगळ्या हॉस्पिटलांत एकच, आणि दोन्ही कॉलेजांत मुलांना तेच शिकवायचं. झालं. यात वर्ष घालवण्यासारखं काय होतं, सांगा! आम्ही घालवलं.

माझा जीव मात्र वेगळ्याच कारणाने टांगणीला लागला होता. ती गोळी सरही घेत होते, माझ्याच दुकानातून. आणि सर विसरायला लागले होते. एकदा खोकल्याचं औषध घेऊन गेले आणि थोड्या वेळाने तेच घ्यायला परत आले. घरी काकूंना मोतीबिंदू, मुलगी परदेशात. मी काकूंच्या कानावर घातलं, तर त्या म्हणाल्या, “अगं, आयुष्यभर त्यांनी जगाला औषधं शिकवली. त्यांना मी काय सांगू?” ठसठशीत अक्षरांचं स्टिकर निघालं तर ते सगळ्यांच्याच डबीवर लागेल, सरांना त्यात कमीपणा वाटणार नाही, एवढीच माझी आशा होती.

त्या दिवशी नमुना पडद्यावर आला. हॉस्पिटलवाल्या बाई लगेच म्हणाल्या, “आमचं बोधचिन्ह कुठाय?” कारखानेवाल्यांना त्यांचं डावीकडे पहिलं हवं होतं. दुसऱ्या कॉलेजचे प्राचार्य म्हणाले, “यांचं आमच्यापेक्षा मोठं दिसतंय.” मोजपट्टी मागवली हो! केस पिकलेली माणसं, आणि मोजपट्टी!

“अहो, स्टिकर अंगठ्याएवढं आहे,” मी म्हटलं. “पाच चिन्हं घातली तर अक्षरं कुठे जाणार?”

“अक्षरं जरा लहान करू,” कारखानेवाले म्हणाले.

“किती लहान? मुंग्यांना वाचायला देणार आहात का?”

“मग तुमच्या दुकानदारांचं चिन्ह काढा,” बाई म्हणाल्या.

“काढा! आत्ताच्या आत्ता काढा!”

मला खरंच चाललं असतं. पण सरांनी हात वर केला. “कोणाचंच काढायचं नाही. पाचही राहतील. तुम्हाला असं एकत्र बघायला मी किती वर्षं थांबलोय, कल्पना आहे का?” मी तोंड उघडलं, त्यांच्याकडे पाहिलं आणि मिटलं. काय बोलणार होते मी? सर, मोठी अक्षरं तुमच्यासाठीच हवीत, असं चारचौघांत? शिवाय मी दमले होते. वर्षभर तेच तेच भांडून जीव विटला होता. म्हटलं, होऊन जाऊ दे एकदाचं. ठराव मंजूर झाला, टाळ्या वाजल्या, त्यात माझ्याही होत्या.

स्टिकरं छापून आली. सर गोळ्या न्यायला आले, तेव्हा पहिलं त्यांच्याच डबीवर लावलं. मी खाली वार लिहायला गेले तर जागाच पुरेना. कसंबसं ‘सोम’ कोंबलं. सरांनी डबी उजेडात धरली. इतके खूश झाले की काय सांगू! “आले बघ सगळे,” म्हणाले, आणि एकेका चिन्हावर बोट ठेवून मला दाखवत राहिले. मग डबी डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, चष्मा कपाळावर सरकवला.

“आणि हे खाली काय लिहिलंय गं?”

“आठवड्यातून एकदाच, सर. सोमवारी.”

“ते माहितेय मला. मीच शिकवलंय तुम्हाला.” ते हसले. “आज सकाळी घेतली की.”

त्या दिवशी गुरुवार होता.

“आणि काल, सर?”

“काल… घेतली असेल.”

मी नवऱ्याला हाक मारली, काउंटर बघ म्हटलं, आणि सरांचा हात धरून त्यांना थेट समोरच्या लॅबमध्ये रक्त तपासायला नेलं. वाटेत ते “अगं, काय झालं, कुठे नेतेस?” म्हणत होते. बाकावर बसल्यावर मात्र त्यांना कळलं होतं. ही गोळी रोज घेतली तर आधी काय होतं, मग काय होतं, सगळं त्यांना तोंडपाठ होतं. आम्हाला त्यांनीच घोकायला लावलं होतं. वार तेवढा आठवत नव्हता.

“हे समितीत बोलू नकोस हं,” ते हळूच म्हणाले. “आत्ता कुठे सगळे एकत्र आलेत.”

मला रडूच कोसळलं. “बोलावंच लागेल, सर,” मी म्हटलं, आणि त्यांच्या सदऱ्याची बाही वर दुमडली.