दोन ब्रेकची गाडी

हसा मित्रांनो, खुशाल हसा! मी ड्रायव्हिंग स्कूलची एक जुनी गाडी आहे. माझा एक दरवाजा निळा, बाकी अंग पांढरं. कारखान्यातून मी चारचौघींसारखीच निघाले. पुढे स्कूलच्या मास्तरांनी मला विकत घेतलं आणि शेजारच्या सीटपुढे, आपल्या पायाशी दुसरा ब्रेक बसवला. तेव्हापासून नवशिक्यांनी माझे गिअर करकरवले, मला कठड्यांना घासलं. लोक मला खटारा म्हणतात. म्हणू देत! आज रस्त्यावर ऐटीत मिरवणारे कितीतरी जण माझ्याच गचक्यांवर शिकले आहेत.

त्यांत सगळ्यांत भित्र्या होत्या दवाखान्यातल्या सिस्टर. अंथरुणाला खिळलेल्या रोग्यांच्या घरी जाऊन मलमपट्टी करायचं काम त्यांना हवं होतं. परवाना नसता, तर ते हातचं गेलं असतं. पूर्वी एकदा त्यांनी भावाची गाडी भिंतीवर घातली होती. भाऊ म्हणाला, "ताईच्या हाती गाडी म्हणजे माकडाच्या हाती कोलीत!" ते बोलणं मनात घर करून बसलं. चौक आला की त्या पुटपुटत, "माझ्या हातून कुणीतरी मरणार."

त्या एका समुपदेशक बाईंकडेही जात. बाई सांगत, "विचार आला म्हणून तो खरा होत नाही. त्याला पुरावा मागा."

"पुरावा आहे की!" सिस्टर मास्तरांना म्हणाल्या. "दर वेळी तुम्ही ब्रेक दाबता म्हणून वाचतो."

"मी? अहो, मी कधीचा दाबलेलाच नाही."

"उगाच माझं मन राखू नका."

मास्तरांनी चपला काढल्या आणि सीटवर चक्क मांडी घातली. "चला आता. हळूहळू."

"मास्तर, पाय खाली घ्या हो!"

"गुडघे बोंबलतायत, पण नाही घेणार."

गल्लीत एक म्हातारा हातगाडी घेऊन आडवा आला. मी अलगद थांबले. सिस्टरांनी आधी मास्तरांकडे पाहिलं. मांडी तशीच होती.

"भीती वाटली," त्या सावकाश म्हणाल्या, "पण ब्रेक मीच दाबला."

परीक्षेत मात्र त्या नापास झाल्या. आता रडणार, असं मला वाटलं. त्या तरातरा आल्या आणि माझं दार धाडकन लावून म्हणाल्या, "मागे घेताना चुकले. तेवढंच चुकले. तेवढंच शिकवा!"

पुढच्या खेपेला परवाना मिळाला, कामही मिळालं.

मित्रांनो, मनाचीही निगा राखावी लागते. ते ओरडेल, "तुला काहीच येत नाही!" दबू नका. ठणकावून विचारा, "नेमकं काय येत नाही?" आणि तेवढं शिकून घ्या.