दोन नंबरची टाकी

टपाल खात्यातून निवृत्त झाल्यावर मामांचा वेळ जाईना. दिवसभर घरात बसून ते मामींच्या कामात लक्ष घालायला लागले, तेव्हा मामींनीच भाचीला फोन केला, "यांना तुझ्या कारखान्यात कुठेतरी चिकटव बाई. पगार नाही दिला तरी चालेल."

भाची माशांचं खाद्य बनवणाऱ्या कारखान्यात शास्त्रज्ञ होती. पाळलेल्या माशांना घालायचा दाणा तिथे तयार व्हायचा, आणि तो बराचसा माशांचाच असायचा. समुद्रातली बारीक मासळी पकडायची, वाळवायची, दळायची आणि टाकीतल्या मोठ्या मासळीला चारायची. समुद्राला जरा उसंत मिळावी म्हणून मासे पाळायचे आणि पाळलेल्यांना पोसायला पुन्हा समुद्रच उपसायचा, यातली गंमत कारखान्याच्या साहेबांच्याही लक्षात आली होती. मासळीच्या भुकटीचे भाव चढल्यावर जरा लवकर आली, एवढंच. म्हणून सोयाबीनची पेंड, वाटाण्याचं पीठ आणि शेवाळाचं तेल यांचा दाणा बनवायचं काम भाचीच्या गळ्यात पडलं. तीन वर्षांत अकरा नमुने फसले. बाराव्याच्या चाचणीसाठी तिला एक सचोटीचा माणूस हवा होता, सांगितलं तेवढंच करणारा.

मामांनी चौतीस वर्षं पत्रं वाटली होती. एकाही पाकिटावरचा डिंक त्यांच्या हातून सुटला नव्हता. याहून सचोटीचा माणूस कुठून आणायचा?

काम सोपं होतं. एक नंबरच्या टाकीत जुना दाणा, दोन नंबरच्या टाकीत नवा. दोन्हींकडे मासे तेवढेच, त्याच आकाराचे. सकाळ-संध्याकाळ मोजून टाकायचं आणि वहीत लिहायचं. बारा आठवड्यांनी वजन.

"कळलं, मॅडम," मामा म्हणाले. कारखान्यात ते तिला मॅडम म्हणायचे आणि ती संकोचाने अर्धमेली व्हायची.

बारा आठवड्यांनी वजन झालं. दोन नंबरचे मासे एक नंबरपेक्षा जड भरले.

साहेबांनी केक मागवला. ‘संपूर्ण शाकाहारी मासा’ असा फलक छापायला गेला. मासा खाणाऱ्यांना त्याचं काय कौतुक, हे कोणी विचारलं नाही. पुढच्या गुरुवारी मोठे खरेदीदार टाकी बघायला येणार असं ठरलंही.

भाची दोन दिवस हवेत होती. तिसऱ्या दिवशी जमिनीवर आली. नवा दाणा जुन्याच्या जवळपास पोचला असता तरी तिने देव पाण्यातून काढले असते. पुढे कसा जाईल? ती गोदामात गेली, जुन्या दाण्याची पोती मोजली. चार कमी होती.

मामा टाकीच्या कठड्यावर बसले होते.

"मामा, दोन नंबरला काय घातलंत?"

"नवा दाणा, मॅडम."

"मामा."

मामांनी चष्मा काढून पुसला. "पहिले दहा दिवस ते खातच नव्हते, बाळ. तोंडात घ्यायचे आणि थुंकायचे, लहान मूल औषधाची गोळी थुंकतं ना, तसे. मी आलो की सगळे काठाशी यायचे. आशेने. आणि शेजारच्या टाकीत पंगत उठलेली. माझ्या घशाखाली डबा उतरेना."

"म्हणून जुना दाणा घातलात?"

"मिसळला. निम्मा-निम्मा."

"माझी तीन वर्षं पाण्यात घातलीत तुम्ही!" ती एवढ्या जोरात ओरडली की दोन्ही टाक्यांतले मासे तळाशी गेले.

"पूर्ण ऐकून तर घे. पोती कमी होताना दिसतील म्हणून मी दर आठवड्याला जुना दाणा थोडा थोडा कमी करत आणला. मग चिमूटभर. सातव्या आठवड्यापासून एक कणही नाही. आता ते तुझंच खातात आणि आवडीने खातात. फक्त दोनदा टाकलं की निम्मं तळाशी जायचं, म्हणून मी चारदा टाकतो, थोडं थोडं. दुपारी इथेच बसतो, मामीला माहीत आहे." त्यांनी पिशवीतून एक छोटी वही काढली. कारखान्याच्या वहीत खोटं लिहिलं होतं आणि या वहीत खरं. दोन्हींतलं अक्षर सारखंच नेटकं. रोजचा जुना दाणा, नवा दाणा, थुंकलेला दाणा. थुंकलेला त्यांनी गाळणीने काढून मोजला होता.

भाची वही वाचत उभीच राहिली. जे शोधण्यात तिने अकरा नमुने वाया घालवले होते, ते इथे पेन्सिलीने लिहिलेलं होतं. दाण्यात खोट नव्हती. एका रात्रीत बदलला म्हणून मासे रुसत होते.

ती तशीच साहेबांकडे गेली आणि सगळं सांगून टाकलं.

"आतापर्यंत हे कोणाला बोललात?" साहेबांनी विचारलं.

"कोणालाच नाही, सर. तुम्हालाच पहिलं."

"मग गुरुवारनंतर बोलू."

"गुरुवारी कोणी मला विचारलं तर मी खरं सांगणार. चाचणी पुन्हा करावी लागेल."

साहेबांनी बराच वेळ फलकाचा नमुना न्याहाळला. मग खरेदीदारांना कळवलं, की टाक्यांची साफसफाई निघाली आहे.

दुसरी चाचणी उघडपणे झाली. दोन्ही टाक्यांना चार वेळा, दोन नंबरला हळूहळू बदल. या खेपेला दोन नंबरचे मासे जरासे हलके भरले. फार नाही, पण हलके. भाचीला आयुष्यात कुठल्या आकड्याचा एवढा आनंद झाला नव्हता. साहेबांनी ‘क्रमशः अनुकूलन पद्धत’ असं नाव देऊन माहितीपत्रक काढलं. त्यात त्यांचा फोटो होता आणि एका माशाचा.

मामांना एकाच दिवशी दोन पाकिटं आली. एकात चाचणीचे नियम मोडल्याबद्दल ताकीद होती, तीन दिवसांत लेखी खुलासा मागितला होता. दुसऱ्यात सोमवारपासून नव्या कामगारांना क्रमशः अनुकूलन शिकवण्याची विनंती होती. दोन्हींवर सही एकाच माणसाची.

खुलासा भाचीने लिहून दिला. मामांनी तो वाचला, एक स्वल्पविराम दुरुस्त केला आणि सही केली.

सोमवारी मामा नऊ कामगारांपुढे इस्त्रीच्या शर्टात उभे राहिले. भाची मागे भिंतीला टेकून ऐकत होती.

"पहिले दहा दिवस महत्त्वाचे," मामा म्हणाले. "मासा थुंकेल. तुम्हाला दया येईल."

"मग काय करायचं?" एकाने विचारलं.

मामांनी मागे मॅडमकडे पाहिलं. मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या.

"लिहून ठेवायचं," मामा म्हणाले. "एकाच वहीत."