दोन पाती की तीन

गहिनीनाथने होडीच्या इंजिनाचा दोन पात्यांचा पंखा मांडीवर घेतला, अंगठ्याने त्याची कड चाचपली आणि तो पुन्हा गोणपाटावर ठेवला. शेजारच्या तीन पात्यांच्या पंख्याला मात्र त्याने हात लावला नाही. न बोलावता जेवायला आलेल्या पाहुण्याकडे बघावं, तसा तो त्याच्याकडे बघत राहिला.

दोन्ही पंखे मुंबईच्या दुकानदाराने पसंतीसाठी पाठवले होते. एक ठेवायचा, दुसरा गुरुवारच्या लॉरीने परत धाडायचा. भंडारदऱ्याच्या धरणावर खात्याची ही एकच शिडाची होडी, आणि पहिल्यापासून तिचा एकच नावाडी, गहिनीनाथ. वारा पडला तर मधेच अडकायला नको म्हणून खात्याच्या गोऱ्या साहेबाने तिच्यात छोटं इंजिन बसवून घेतलं होतं. साहेब विलायतेला गेला त्याला आता दुसरा उन्हाळा. यंदा पाणी कधी नव्हे इतकं आटलं होतं, आणि आठ दिवसांपूर्वी होडीचा जुना पंखा पाण्यात कशावर तरी आदळून त्याचं एक पातं तुटलं होतं.

"बोला, गहिनीनाथ," ओव्हरसिअर शामकांत म्हणाले. "होडी तुमच्या हातची. तुम्ही सांगाल तो ठेवू."

"दोन पात्यांचाच बरा, रावसाहेब. जुना बी तसलाच हुता. शीड लावलं की दांडा फिरवून दोनी पाती उभी करायची. होडीच्या मागच्या खांबाआड लपत्यात, पानी अडत न्हाई. ह्या तिनाच्याचं एखादं पातं कायम भाईर. शीड फुडं वढनार आन हे मागं धरनार."

"आणि पावसाळ्यात?"

गेल्या आषाढात पलीकडच्या काठावरून एक अडलेली बाई आणताना वारा तोंडावर होता. शीड कामाचं नव्हतं आणि लाटांत दोन पात्यांना पकड मिळेना. दवाखाना गाठायला तीन तास लागले. बाई वाचली, मूल गेलं. हे दोघांनाही ठाऊक होतं, म्हणून शामकांतांनी तो विषय वाढवला नाही.

"गुरुवारपर्यंत विचार करा," ते म्हणाले. "आणि त्याआधी तो खडक शोधून तिथे बांबू रोवा. नवा पंखाही त्याच्यावरच फुटायला नको."

गहिनीनाथला दोनच पाती का हवी होती, ते साहेबलोकांना सांगण्याजोगं नव्हतं. त्याचं उंबरपाडी गाव या पाण्याखाली होतं. धरण भरलं तेव्हा सगळी वस्ती वर टेकाडावर आली, पण त्याची आई, चांगुणा, मनाने काही वर आली नाही. दोन वर्षांत तिने अंथरूण धरलं. जाताना म्हणाली, "माझी राख आपल्या दारात सोड." दार तर पाच पुरुष पाण्याखाली. मग गहिनीनाथने समोरचा सुळका आणि काठावरचा एकटा हिरडा एका रेषेत धरला, अंदाजाने घर ठरवलं आणि तिथे राख सोडली. पुढे इंजिन आलं. त्या जागी पोचलं की तो इंजिन बंद करी आणि शिडावर होडी नेई. घरात म्हातारं माणूस निजलेलं असताना कोणी धडधडत जातं का? साहेबसुद्धा तेवढा वेळ पाइप हातात धरून गप्प बसे. होडीला पाणी चाटत राही, आणि गहिनीनाथला आईच्या जात्याची घरघर आठवे, अंगणातलं कांडण आठवे. दिवसातला तेवढाच वेळ तो गावी असे, आणि तो त्याला फार प्यारा होता.

बुधवारी सकाळी तो वल्ही मारत एकटाच खडक शोधायला निघाला. आदळल्याची जागा त्याच्या नेहमीच्या वाटेवरच होती, इंजिनाचा जोर असायचा तिथे. तो छातीभर पाण्यात उतरला आणि पायाने तळ चाचपू लागला. गाळातून गुडघाभर वर आलेला दगड लागला. दगडात खळगा होता, आणि पाय त्यात घोट्यापर्यंत गेला. त्याने बुडी मारून हाताने गाळ उपसला. मोठ्या खळग्याच्या शेजारी एक छोटा खळगा होता, मूठभर धान्य मावेल एवढा.

असं दोन तोंडांचं उखळ साऱ्या उंबरपाडीत एकच होतं. मोठं तोंड आईचं. छोटं त्याच्या बापाने मुद्दाम कोरलेलं, आईच्या बरोबरीने कांडायचा हट्ट धरणाऱ्या गहिनीनाथसाठी. मोठ्या तोंडाच्या गाळात त्याला पंख्याचं तुटलेलं पातं सापडलं.

त्याने मान वर करून पाहिलं. इथून सुळका एकीकडे आणि हिरडा भलतीकडे. राख सोडलेली जागा हाकेच्या अंतरावर, ओढ्याच्या अंगाला होती. तिथे पूर्वी काय होतं, हे ध्यानात आलं तेव्हा त्याला हसू फुटलं. तो श्रीमंत नावाच्या शेजाऱ्याचा गोठा होता. बांधाच्या भांडणावरून आई त्या घराशी बारा वर्षं बोलली नव्हती. हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. उखळाशेजारी बांबू रोवून तो घरी आला.

त्याची बायको बनुबाई ओसरीवर तांदूळ पाखडत होती. त्याने तिच्यापुढे पातं ठेवलं आणि सगळं सांगितलं.

"आईची राख शिरमंताच्या गोठ्यात सोडली म्या," तो म्हणाला. "आन तिच्या डोक्यावरनं इंजिन नेलं. इतकी वर्सं."

"आत्याबाईंना काय घर घावलं नसंल? तुमच्यापरीस त्यांना वाट ठाव हुती."

"आन ह्यो आवाज?"

"त्याची सवं झाली आसंल." बनुबाईने सुपातला खडा वेचून टाकला. "ल्योक गेला, ल्योक आला, समदं कळत आसंल त्यांना. आता येकदम गप झालात तर घोर लागंल की त्यांच्या जिवाला."

गहिनीनाथ ते पातं हातात घेऊन दुपार कलेपर्यंत ओसरीवर बसून होता.

गुरुवारी दोन पात्यांचा पंखा त्याने स्वतः गोणपाटात बांधून लॉरीवर चढवला. शामकांत बघतच राहिले.

"आणि तुमचं शीड?"

"हाय की. वारा लईच सुटला तर लावू."

आषाढात पलीकडून निरोप आला. पुन्हा एक बाई अडली होती, पुन्हा वारा तोंडावर. गहिनीनाथने तिला होडीत निजवलं, वरून इरलं धरायला तिच्या सासूला सांगितलं आणि इंजिन सुरू केलं. तिन्ही पात्यांनी पाणी धरलं. होडी लाटा फोडत निघाली आणि तासाभरात धरणाची भिंत दिसू लागली. बांबू केव्हाच बुडाला होता, पण गहिनीनाथला आता खुणेची गरज नव्हती. उखळाची जागा आली तसा त्याचा हात आपसूक इंजिन बंद करायला गेला.

मधेच त्याने हात आवरला आणि इंजिनाचा जोर थोडा वाढवला, आईला नीट ऐकू जावं म्हणून.