दोष टेबलाचा

मित्रांनो, जरा माझ्यावरून कोपर काढा. हां, आता बोलते. या सभागृहात खिडकीला लागून जे जुने लांब टेबल आहे ना, ते मी. आठ माणसे ऐसपैस बसतील एवढी माझी लांबी, आणि माझ्याभोवती बसतात बारा. स्वभाव म्हणाल तर चुळबुळा. एका जागी स्वस्थ उभे राहणे मला जन्मापासून जमले नाही, आणि त्यात माझा काडीचाही दोष नव्हता. पण हे ऐकतो कोण?

मला घडवणारा सुतार मोठा कसबी होता, फक्त त्या दिवशी त्याचे चित्त थाऱ्यावर नव्हते. त्याला स्टेशनवर बहिणीला आणायला जायचे होते, आणि पाच मिनिटे उशीर झाला तर ती पाच वर्षे ऐकवणारी होती. माझे तीन पाय त्याने मापून कापले. चौथा नुसत्या नजरेने कापला. उभे करताच मी डुगडुगले. त्याने माझ्याकडे पाहिले, मग घड्याळाकडे पाहिले आणि म्हणाला, "चालतंय." त्या एका शब्दापायी माझा चौथा पाय बाकीच्यांपेक्षा दोन पुठ्ठ्यांइतका आखूड राहिला तो राहिलाच.

पहिली अकरा वर्षे मी पार्सलच्या कचेरीत काढली. कारकुनाचा शिक्का वाकडा उमटला की तो म्हणे, टेबल हलले. पुढे मी शिंप्याकडे गेले. त्याच्या हातून एक बाही लांब आणि एक आखूड बेतली गेली की गिऱ्हाईकाला तेच उत्तर मिळे. त्यानंतर एका शिकवणीत होते, तिथे मुलांची बेरीज चुकली तरी टेबल हलले. बेरीज कशी हलते ते मला अजून कळलेले नाही. 'नाचता येईना अंगण वाकडे' ही म्हण तुम्ही शाळेत वाक्यात उपयोग करून लिहिली असेल. त्या अंगणाला कधी कुणी विचारले का? मित्रांनो, मी ते अंगण आहे.

सगळेच दिवस वाईट होते असे नाही. शिंप्याची बायको मला दर आठवड्याला तेलाचा हात द्यायची आणि म्हणायची, लाकूड कसे सोन्यासारखे आहे. बाकीच्यांनी पायाखाली पुठ्ठे सारले, बसची तिकिटे सारली, एकाने तर सख्ख्या साडूची लग्नपत्रिका सारली. दोन दिवस बरे जात. मग घडी चेपायची आणि ये रे माझ्या मागल्या. शेवटी कंटाळून लोकांनी मला या सभागृहाच्या मागच्या खोलीत रंगाच्या डब्यांखाली टाकले. तिथे किती वर्षे गेली ते मोजायलासुद्धा कुणी नव्हते.

मला बाहेर काढले सिस्टरनी. सिस्टर म्हणजे चाळीस वर्षे रुग्णालयात काम करून निवृत्त झालेल्या नर्स. त्यांनी वस्तीतल्या मोठ्या माणसांसाठी दर शनिवारी सकाळी एक वर्ग सुरू केला. आधी दहा मिनिटे दोन्ही तळवे माझ्यावर टेकवून गप्प बसायचे. मग तासभर हाताने काहीतरी करायचे. रेघा ओढायच्या, अक्षरे काढायची, रंग भरायचा. सिस्टर म्हणत, आयुष्यभर मी लोकांना हलू नका म्हणून दटावलं, आता सांगते, हला, पण सावकाश.

ती दहा मिनिटे माझ्या जिवावर येत. कुणी श्वास जोरात घेतला तरी मी डुगडुगायचे आणि कुणीतरी खुदकन हसायचे. टेलिफोनच्या कचेरीतल्या एक बाई होत्या, त्यांचे नावच धांदलबाई पडले होते. त्या दहा मिनिटांत सात वेळा मनगटावरचे घड्याळ बघत. त्यांची आणि माझी रास एकच असणार.

रेघा शिकवायला सिस्टरनी पेंटरकाकांना बोलावले. एके काळी शहरातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्यांच्या हातच्या होत्या. पट्टी न लावता हातभर सरळ रेघ ओढण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. पुढे यंत्रावर पाट्या छापू लागले आणि काकांचे काम सुटले. घरी ते आता नुसते आजोबा होते. 'पेंटर' म्हणून हाक फक्त या खोलीत उरली होती. त्यांची लेक त्यांना सोडायला येई आणि न्यायला येई, आणि येताना ते तिच्या चार पावले पुढे चालत.

पहिल्या दिवशी सगळे मान उंचावून बघत होते. काकांनी ब्रश टेकवला, रेघ निघाली आणि मध्येच नागमोडी झाली. काका म्हणाले, "टेबल हलतंय."

माझा असा संताप झाला म्हणून सांगू! आला आणखी एक, म्हटले. पण पुढच्या शनिवारी सगळ्यांनी तळवे टेकवले, तेव्हा मला काहीतरी निराळे जाणवले. कुणाचा तळवा गरम असतो, कुणाचा घामेजलेला. काकांचा उजवा तळवा थरथरत होता. उकळी येताना पातेल्यावरचे झाकण थरथरते, तसा. ते डाव्या हाताने तो दाबून धरत होते आणि कुणी बघत तर नाही ना म्हणून डोळे किलकिले करून पाहत होते. हलणारे मी नव्हते, मित्रांनो. माझा राग कुठल्या कुठे गेला.

त्या दिवसापासून आमचे संगनमत झाले. काका बरोबर माझ्या आखूड पायाच्या कोपऱ्यावर बसत. रेघ ओढण्याआधी कोपराने मला हळूच दाबत, मी इमानेइतबारे डुगडुगे, रेघ मोडे, काका टेबलाच्या नावाने बोटे मोडत आणि सगळे हसत. मग काका दुसऱ्यांच्या रेघा सुधारायला उठत. जन्मभर ज्या दोषाने मी जळले, तोच आता मी मिरवू लागले. मला रात्रंदिवस एकच धास्ती होती. माझा पाय कुणी नीट करू नये. तो नीट झाला तर काकांचा हात उघडा पडेल आणि त्यांची ही शेवटची जागाही जाईल.

चार महिने निभावले. मग सिस्टरनी सगळ्यांना एक काम दिले. आठवडाभरात कुणाचे तरी एक भले करायचे, पण न विचारता आणि न सांगता. वर्गात फर्निचरच्या कारखान्यातला एक सुतार येत असे. स्वभावाने गाय. माझ्या डुगडुगीने त्याचा कारागीर जीव चार महिने कासावीस झाला होता. दहा मिनिटे डोळे मिटून तो फक्त माझ्या पायाचा विचार करी. शुक्रवारी संध्याकाळी तो एकटा आला, मला उताणे केले आणि आखूड पायाला सागाचा तुकडा सरस लावून स्क्रूने पक्का बसवला. सुलटे करून माझ्यावर पाणसळ ठेवली. तिच्या काचेतला बुडबुडा बरोबर मध्ये थांबला. मी प्रथमच चारही पायांवर उभे राहण्याचा अनुभव घेत होते आणि मला घेरी येत होती.

शनिवारी ज्याने त्याने मला हलवून पाहिले आणि तोंड भरून कौतुक केले. सुतार मान खाली घालून गालात हसत होता. काका आले, नेहमीच्या कोपऱ्यावर बसले, ब्रश रंगात बुडवला आणि कोपराने मला दाबले. मी हलले नाही. त्यांनी पुन्हा दाबले. मी जीव तोडून प्रयत्न केला, पण पाय जमिनीला चिकटल्यासारखे झाले होते. काकांनी वाकून माझ्या पायाकडे पाहिले. सगळे वाट पाहत होते, ब्रशवरून रंग ओघळायला लागला होता. त्यांनी रेघ ओढली. ती इथून तिथपर्यंत थरथरत गेली.

धांदलबाई सवयीने "टेबल..." म्हणाल्या आणि थांबल्या. काकांनी ब्रश पाण्याच्या पेल्यात ठेवला, तेव्हा पेला किणकिणला. घरी काम आहे असे पुटपुटून ते निघून गेले.

पुढचे तीन शनिवार ते आले नाहीत. त्यांचे स्टूल कुणी हलवले नाही. मला एका जागी ठोंब्यासारखे उभे राहणे असह्य झाले होते. तिसऱ्या शनिवारी त्यांची लेक एकटीच आली. बाबा आता वर्गाला येणार नाहीत, त्यांचे ब्रश तेवढे द्या, म्हणाली. घरी ते दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसतात आणि चहासुद्धा सगळे खोलीतून गेल्यावर पितात, असेही तिने सांगितले. सुताराचा चेहरा पडला. तो म्हणाला, मी उद्याच तो तुकडा काढून टाकतो. मी मनात म्हटले, उद्या कशाला, आत्ता काढ. सिस्टर म्हणाल्या की न विचारता एकदा झाले तेवढे पुरे. ब्रशही त्यांनी दिले नाहीत. ज्याचे त्याने येऊन न्यावेत, असा निरोप दिला.

चौथ्या शनिवारी काका ब्रश न्यायला आले. लेक दारातच थांबली. सुतार हातात करवत घेऊन उठला.

"काका, चूक माझी. आधी विचारायला हवं होतं. तुम्ही म्हणाल तर हा पाय आत्ता आखूड करतो. पहिल्यासारखं हलेल."

काकांनी करवतीकडे पाहिले, मग एकेकाच्या तोंडाकडे पाहिले. "म्हणजे सगळ्यांना ठाऊक आहे."

"मला पहिल्या दिवसापासून," सिस्टर म्हणाल्या.

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही बोलायची वाट बघत होते."

काका ब्रशांकडे वळले. मला वाटले, आता ब्रश उचलतील आणि जातील. मग त्यांनी पायाने स्टूल ओढले आणि बसले.

"करवत ठेव रे," ते म्हणाले. "टेबलाचा काही दोष नाही. हात माझा थरथरतो. दीड वर्ष झालं. आता असाच राहणार म्हणतात."

मित्रांनो, टेबलाचा दोष नाही, एवढे एक वाक्य ऐकायला मी सारा जन्म कान टवकारून होते. आणि ते ऐकले तेव्हा मला रडू आले. असता दोष माझा, तर किती बरे झाले असते.

सिस्टर नेहमीसारख्या म्हणाल्या, चला, दहा मिनिटे. बारा जणांनी तळवे टेकवले. काकांनीही टेकवले, आणि या वेळी उजव्यावर डावा ठेवला नाही. मी आता चारही पायांवर घट्ट होते, त्यामुळे ती थरथर माझ्या फळीतून या टोकापासून त्या टोकापर्यंत प्रत्येक तळव्याला जाऊन भिडली. कुणीही हात काढला नाही. धांदलबाईंनी एकदाही घड्याळ पाहिले नाही.

नंतर काकांनी आपला ब्रश धांदलबाईंच्याच हातात दिला. "रेघ मी सांगतो, हात तुमचा," ते म्हणाले. "आधी श्वास सोडा. रेघ कुठं पळून जात नाही." सभागृहाच्या दारावरची नवी पाटी अशीच सांगून-सांगून झाली. ती फार सरळ नाही. काका दर शनिवारी तिच्यात चुका काढतात आणि लेकीच्या चार पावले पुढे चालत घरी जातात.

माझी चुळबुळ पायातून गेली, मनातून नाही. तुम्हा मुलांकडे एकच मागणे आहे. मोडके दिसले तर जरूर दुरुस्त करा, पण त्याच्यावर कोण टेकले आहे ते आधी विचारा. आणि कुणी आपला दोष माझ्यासारख्या मुक्या वस्तूवर ढकलला, तर लगेच त्याला खोटारडा ठरवू नका. आम्हा वस्तूंचे काय, आम्ही सोसतो. त्याच्या शेजारी थोडा वेळ बसा.

शनिवारी सकाळी या. दाटीवाटीने तुम्हालाही जागा होईल. माझ्यावर तळवा टेकवलात की हाताला बारीक थरथर लागेल. हात काढून घेऊ नका. ते आमचे पेंटरकाका आहेत.